गवताने बांधलेली वाळू

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्याच्या मध्य आणि वायव्य भागातून जाणाऱ्या प्रवाशाला तासन्‌तास एकच दृश्य दिसत राहते. एकामागून एक उठलेल्या गवताळ टेकड्या, मधूनच एखादे निळे तळे, दूरवर फिरणारी पवनचक्की आणि चरणाऱ्या गायी. उन्हाळ्याच्या प्रारंभी हिरव्या असणाऱ्या या टेकड्या शरद ऋतूत तांबूस होतात. मात्र या टेकड्या खडकाच्या नाहीत आणि रूढ अर्थाने मातीच्याही नाहीत. गवताखाली वीतभर खणले की हाताला लागते ती निव्वळ वाळू. तेथील लोक या प्रदेशाला 'सँडहिल्स', म्हणजे वाळूच्या टेकड्या, असे सरळ नाव देऊन मोकळे झाले आहेत.

सुमारे ५० हजार चौरस किलोमीटरवर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास एक षष्ठांश क्षेत्राएवढ्या भागात पसरलेला हा पश्चिम गोलार्धातील सर्वांत मोठा वालुकामय टेकड्यांचा प्रदेश होय. काही टेकड्या १२० मीटरपर्यंत उंच आणि ३० किलोमीटरपर्यंत लांब आहेत. राजस्थानातील वा सहारातील वाळूच्या टेकड्या वाऱ्याबरोबर सरकतात. सँडहिल्समधील टेकड्या जागच्या जागी उभ्या आहेत, त्या केवळ गवतामुळे. आणि याच गवतावर पाच लाखांहून अधिक गायींचा उदरनिर्वाह चालतो. जे गवत वाळूला बांधून ठेवते तेच गायीच्या तोंडी द्यायचे, आणि तरीही वाळू सुटू द्यायची नाही, असा हा व्यवहार आहे. तो दीडशे वर्षांच्या आसपास टिकला कसा आणि यापुढे टिकेल का, हे समजून घेण्यासाठी वाळूपासूनच सुरुवात करावी लागते.

झोपलेली वाळू

रॉकी पर्वतातून पूर्वेकडे वाहणाऱ्या प्राचीन नद्यांनी लक्षावधी वर्षांत आणून टाकलेला गाळ आणि त्यापासून बनलेले ठिसूळ वालुकाश्म ही या वाळूची मूळ खाण. वाऱ्याने बारीक माती दूर उडवून नेली, मध्यम कण मागे राहिले आणि त्यांच्या टेकड्या झाल्या. ही घटना अतिप्राचीन असावी असा समज पूर्वी होता. वाळूच्या कणाला शेवटचा सूर्यप्रकाश कधी लागला हे मोजण्याची पद्धत हाती आल्यानंतर मात्र चित्र बदलले. या पद्धतीने केलेल्या कालनिश्चितीनुसार गेल्या दहा हजार वर्षांत ही वाळू एकदा नव्हे, अनेकदा जागी झाली. शेवटची मोठी हालचाल झाली ती अवघ्या ७०० ते १००० वर्षांपूर्वी. देवगिरीवर यादवांचे राज्य होते त्या सुमारास आजच्या नेब्रास्कात दीर्घकाळ अवर्षण पडले, गवत विरळ झाले आणि टेकड्या चालू लागल्या. पुढे पाऊस परतला, गवत परतले आणि वाळू पुन्हा स्थिरावली.

या माहितीचा अर्थ गंभीर आहे. सँडहिल्स हे मेलेले वाळवंट नसून झोपलेले वाळवंट आहे. त्याच्या अंगावरचे पांघरूण काही शतकांपूर्वीचे आहे आणि ते एकदा नव्हे, अनेकदा फाटलेले आहे.

उणी माती, उंच गवत

सँडहिल्समधील सर्वांत विस्तृत मृदाप्रकाराला तेथील व्हॅलेंटाइन या गावाचे नाव दिलेले आहे. मृदाशास्त्रात मातीचे वय तिच्यातील थरांवरून ओळखतात. वर्षानुवर्षे पाणी, मुळे आणि जीवजंतू काम करीत राहिले की वरून खाली वेगवेगळ्या रंगांचे व पोतांचे थर तयार होतात. 'व्हॅलेंटाइन' मातीत असे थर जवळजवळ नाहीत. वर १०-१५ सेंटिमीटरचा किंचित काळपट पापुद्रा आणि त्याखाली थेट फिकट बारीक वाळू. तिच्यात वाळूचे प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढे असते, तर सेंद्रिय द्रव्य जेमतेम एक टक्क्याच्या आसपास. नत्र कमी, पाणी धरण्याची क्षमता कमी आणि कणांना एकमेकांशी चिकटवणारी चिकणमाती जवळजवळ नाहीच. शेतकऱ्याच्या हिशेबी ही माती अगदी निकस ठरेल.

येथे पाऊसही फार नाही. पश्चिमेकडे वर्षाला ४३० मिलिमीटरच्या आसपास आणि पूर्वेकडे ५८० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे साधारण आपल्या सोलापूर भागाइतका. तरीही टेकड्यांवर कमरेइतके गवत उभे राहते. याच पावसात शेजारच्या चिकणमातीच्या जमिनीवर मात्र गवत तुलनेने बुटके राहते. हे कोडे उलगडते ते पाण्याच्या वाटचालीतून.

चिकणमातीत पाणी वरच्या थरातच अडकते. काळ्या रानात पावसानंतर होणारा चिखल आणि ऊन पडताच पडणाऱ्या भेगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे सांगायला नको. वर अडकलेले पाणी उन्हाने व वाऱ्याने उडून जाते. वाळूत मात्र पडलेला थेंब वाहून न जाता सरळ खाली उतरतो. वरची काही बोटे वाळू लगेच सुकते आणि हा सुका थरच झाकणासारखे काम करतो. खालचा ओलावा त्यामुळे सुरक्षित राहतो. ज्या गवताची मुळे तेथवर पोहोचतात त्याला तो मिळतो. म्हणूनच कोरड्या प्रदेशात वाळू ही चिकणमातीपेक्षा उदार ठरते आणि भरपूर पावसाच्या प्रदेशात याच्या उलट घडते. परिसंस्थाशास्त्रात हा नियम १९७० च्या दशकापासून प्रसिद्ध आहे.

मुळांनाही न सापडलेले पाणी आणखी खाली उतरून भूजलाला मिळते. अमेरिकेच्या आठ राज्यांखाली पसरलेल्या 'हाय प्लेन्स' जलधारक स्तरातील सुमारे दोन तृतीयांश पाणी एकट्या नेब्रास्काखाली आहे आणि त्याचे पुनर्भरण करणारे सर्वांत महत्त्वाचे क्षेत्र सँडहिल्स हेच आहे. काही ठिकाणी येथील जलयुक्त थराची जाडी ३०० मीटरपर्यंत जाते. दोन टेकड्यांमधील खोलगट भागांत हे पाणी जमिनीच्या पृष्ठभागाशी येते. तेथे हजाराहून अधिक लहानमोठी तळी, पाणथळ जागा आणि ओलसर कुरणे निर्माण झाली आहेत. लूप आणि डिस्मल या नद्यांना झऱ्यांचे पाणी अखंड मिळत असल्याने त्यांचा प्रवाह बाराही महिने जवळपास सारखा असतो. कॅन्सस व टेक्सास राज्यांत याच जलस्तराची पातळी उपशामुळे मोठ्या प्रमाणावर खालावली असताना सँडहिल्सखालील साठा बव्हंशी टिकून आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

गवतांची वाटणी

सँडहिल्समध्ये वनस्पतींच्या सुमारे ७०० जातींची नोंद झाली असून त्यांतील बहुतेक मूळच्या तेथील आहेत. बाहेरून आलेल्या जातींचे प्रमाण इतके कमी असलेला मोठा गवताळ प्रदेश उत्तर अमेरिकेत आता दुर्मीळ झाला आहे. या जातींनी टेकडी आपापसांत वाटून घेतली आहे.

माथ्यावर आणि तीव्र उतारावर 'सँड ब्लूस्टेम' आणि 'प्रेअरी सँडरीड' या उंच गवतांचे राज्य असते. दोन्हींची खोडे जमिनीखालून आडवी पसरतात आणि ठिकठिकाणी नवे कोंब काढतात. वाळू अंगावर येऊन पडली तरी ही गवते गुदमरत नाहीत, वर कोंब काढून मोकळी होतात. आडवी खोडे आणि त्यांना फुटलेली तंतुमुळे यांचे जे जाळे तयार होते तेच वाळूचे खरे बंधन. मधल्या उतारावर झुपक्यांनी वाढणारे 'लिटल ब्लूस्टेम', लांब कुसळाचे 'नीडल अँड थ्रेड', बुटके 'ब्लू ग्रामा' आणि 'सँड लव्हग्रास' आढळतात. मधूनमधून तलवारीसारख्या पानांचा युक्का, रानगुलाब, वाळूतील बुटकी चेरी आणि 'लेडप्लांट' हे झुडूप दिसते. लेडप्लांट शेंगवर्गीय असल्यामुळे हवेतील नत्र मुळांत साठवते आणि निकस वाळूला तेवढाच हातभार लावते. खालच्या ओलसर कुरणात पुन्हा वेगळी गवते असतात. ती जुलैच्या सुमारास कापून, वाळवून हिवाळ्यासाठी वैरण म्हणून साठवली जातात.

वाटणी जागेची तशी ऋतूचीही आहे. नीडल अँड थ्रेडसारखी गवते थंड हवेत, एप्रिल-मेमध्ये वाढतात. ब्लूस्टेम आणि सँडरीड ही उन्हाळी गवते जून-जुलैमध्ये जोर धरतात. एकाची वाढ मंदावते तेव्हा दुसऱ्याची सुरू होते. त्यामुळे चारा दीर्घकाळ हिरवा मिळतो आणि एखाद्या महिन्यात पाऊस चुकला तरी सगळी गवते एकाच वेळी मार खात नाहीत. दुष्काळात ही विविधता विम्यासारखी कामी येते.

निम्मे गायीला, निम्मे जमिनीला

चराईने गवताचे नुकसानच होते ही समजूत बरोबर नाही. गवताचे पाते टोकाकडून नव्हे, बुडाकडून वाढते. त्यामुळे जनावराने शेंडा खाल्ला तरी वाढीचे स्थान शाबूत राहते. रानगव्यांचे, म्हणजे बायसनचे, कळप हजारो वर्षे या प्रदेशात चरत आले. मात्र ते एका जागी मुक्काम करीत नसत. चरून पुढे गेलेला कळप परत येईपर्यंत गवताला सावरायला अवधी मिळे. तारांचे कुंपण आले आणि हा अवधी माणसाच्या हाती गेला.

पाने किती खाल्ली जातात यावर मुळांचे भवितव्य ठरते. अमेरिकेच्या कृषी खात्यातील शास्त्रज्ञ फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या विषयात पायाभूत मानले जातात. निम्म्यापर्यंत पाने कापली तर मुळांची वाढ जवळपास अबाधित राहते. त्यापुढे कापणी गेली की मुळांची वाढ थांबू लागते आणि फार जास्त कापणी झाल्यास ती काही दिवस पूर्णपणे बंद पडते, असे त्यांना आढळले. कारण उघड आहे. पाने हे गवताचे स्वयंपाकघर. तेच रिकामे झाले तर तळघरातील मुळांना काही पोहोचत नाही. सुपीक मातीत याचा परिणाम म्हणजे उत्पन्नातील घट. वाळूत मात्र मुळे आखडणे याचा अर्थ बांध सैल होणे असा आहे.

यातूनच 'निम्मे घ्या, निम्मे ठेवा' हा दंडक रूढ झाला. प्रत्यक्षात गायीच्या पोटात निम्मेही जात नाही. तुडवले गेलेले, शेणामुताने खराब झालेले आणि किडीने खाल्लेले गवत वजा जाता एकूण वाढीच्या साधारण एक चतुर्थांश चाराच हिशेबात धरावा, असे कुरणशास्त्र सांगते. उदाहरणादाखल, हेक्टरी १८०० किलो सुके गवत वाढले असे मानू. त्यातील ४५० किलो गायीचे. सुमारे ४५० किलो वजनाच्या गायीला महिन्याला ३५० किलोंच्या आसपास सुका चारा लागतो. म्हणजे हेक्टरभर कुरणावर एक गाय सव्वा महिना चरू शकते. मे ते ऑक्टोबर अशा पाच महिन्यांसाठी एका गायीला चार हेक्टर हवेत. बरोबर मोठे होणारे वासरू असेल तर त्याहूनही जास्त. सँडहिल्समधील पशुपालकाला हजारो हेक्टर जमीन का लागते, याचे उत्तर या साध्या गणितात आहे.

प्रमाण चुकले की सर्वांत आधी बदलते ते गवतांचे गणगोत. जनावराला चव कळते. सँड ब्लूस्टेम हे त्याचे आवडते गवत, त्यामुळे अतिचराईत तेच सर्वप्रथम मागे हटते. त्याची जागा बुटके ग्रामा, 'सँड ड्रॉपसीड' आणि जनावरे फारसे तोंड न लावणारे रॅगवीडसारखे तण घेतात. लांबून पाहणाऱ्याला टेकडी हिरवीच दिसते. पण उंच गवताची खोल मुळे जाऊन उथळ मुळे आलेली असतात. अनुभवी पशुपालक कुरणाची तब्येत हिरवेपणावरून नव्हे, तर सँड ब्लूस्टेम किती उरले आहे यावरून ओळखतात.

चराई केव्हा, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. उन्हाळी गवते जोमाने वाढत असताना, जून-जुलैमध्ये, तेच कुरण दरवर्षी चारले तर ती खंगत जातात. म्हणून कुरणाचे भाग पाडून दरवर्षी वेगळ्या भागाला त्या काळात विश्रांती देण्याची पद्धत पडली. यापुढे जाऊन अनेक लहान भाग पाडून जनावरे झपाट्याने फिरवण्याच्या पद्धतींचा गेल्या काही दशकांत जगभर गाजावाजा झाला. नेब्रास्का विद्यापीठाने सँडहिल्समधील आपल्या कुरणांवर या पद्धतींची वर्षानुवर्षे पारख केली. चार भागांच्या साध्या फेरपालटीच्या तुलनेत झपाट्याच्या फेरपालटीने गवतात लक्षणीय फरक पडल्याचे दिसले नाही. ओलसर कुरणांवर अतिशय दाट कळप कोंडून चारण्याच्या प्रयोगात तुडवणूक वाढली, परंतु गवताचे उत्पादन वाढले नाही आणि जनावरांचे वजनही कमी भरले. पद्धतीचे नाव काय यापेक्षा एकूण जनावरे किती आणि विश्रांती किती, या दोन गोष्टीच निर्णायक ठरतात, हा या दीर्घ अभ्यासाचा निष्कर्ष म्हणता येईल.

नांगराचा धडा

हे शहाणपण येथे सहजासहजी आलेले नाही. १८६२ च्या होमस्टेड कायद्यान्वये वसाहतकऱ्यांना प्रत्येकी १६० एकर जमीन मिळे. पूर्वेकडील काळ्या जमिनीत एवढ्या क्षेत्रावर कुटुंब पोसले जाई. सँडहिल्समध्ये ते अशक्य होते. मोझेस किंकेड या नेब्रास्काच्या लोकप्रतिनिधीच्या प्रयत्नाने १९०४ मध्ये नवा कायदा झाला आणि पश्चिम नेब्रास्कासाठी ही मर्यादा ६४० एकरांवर, म्हणजे सुमारे २६० हेक्टरांवर गेली. कुटुंबांची रीघ लागली. मात्र वर मांडलेले गणित लावले तर २६० हेक्टरांवर उन्हाळ्यातील पाच महिने जेमतेम ६०-६५ गायी चरू शकतात. हिवाळ्याची वैरण याच जमिनीतून काढायची तर त्याहूनही कमी. उत्पन्न पुरेना म्हणून अनेकांनी गवत उखडून मका पेरला. नांगराने मुळांचे जाळे कापले आणि वाऱ्याने एक-दोन हंगामांतच वाळू उचलली. बहुतेकांनी जमिनी विकून काढता पाय घेतला. त्या जमिनी एकत्र होऊन आजची मोठमोठी पशुपालन केंद्रे उभी राहिली.

१९७० च्या दशकात हीच चूक नव्या यंत्रांनिशी झाली. वर्तुळाकार फिरणाऱ्या सिंचन यंत्रांमुळे वाळूतही मका पिकवता येतो असे दिसल्यावर अनेक टेकड्या सपाट करण्यात आल्या. धान्याचे भाव घसरल्यावर यातील बरीच शेते सोडून द्यावी लागली आणि उघडी वाळू मागे राहिली. त्या जागी पुन्हा गवत उभे करणे खर्चाचे आणि वेळखाऊ ठरले. सँडहिल्सचा फार मोठा भाग आजही नांगराविना राहिला, त्यामागे निसर्गप्रेमापेक्षा हे दोन धडे अधिक कारणीभूत आहेत. २०२० च्या जनगणनेत येथील चेरी परगण्याची लोकसंख्या साडेपाच हजारांच्याही आत होती. परगण्याचे क्षेत्रफळ मात्र १५ हजार चौरस किलोमीटरहून अधिक. मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गायींच्या संख्येत हाच परगणा अमेरिकेत अग्रेसर गणला जातो.

खळगा कसा पडतो

वाळू सुटण्याची सुरुवात क्षुल्लक असते. पाणवठ्याकडे जाणारी गायींची रोजची वाट, कुंपणाच्या कडेची पायवाट, एखाद्या गाडीची चाकोरी. गवत झिजून तळहाताएवढी वाळू उघडी पडते. जोराचा वारा कण उचलतो. ते उड्या मारत पुढे जातात आणि शेजारच्या गवताला घासून काढतात. मुळे उघडी पडतात, गवत मरते, उघडी जागा वाढते. खोलगट झालेल्या जागेत वारा आणखी वेगाने शिरतो. अशा रीतीने वाऱ्याने कोरलेल्या खळग्याला तेथे 'ब्लोआउट' म्हणतात. तो आपणच आपल्याला मोठा करीत जातो हे त्याचे वैशिष्ट्य.

त्यामुळे पशुपालकांची निम्मी हुशारी जनावरे विखुरण्यात खर्च होते. पवनचक्क्या आणि पाण्याच्या टाक्या जागोजागी उभारणे, मिठाच्या विटा पाण्यापासून दूर ठेवणे, कुंपणे तीव्र उतारावरून न नेणे हे त्यातलेच उपाय. खळगा पडलाच तर त्याला कुंपण घालतात, त्यात खराब वैरण वा जुने टायर टाकून वाऱ्याचा वेग मोडतात. बंदोबस्त नीट झाला तर आधी 'ब्लोआउट ग्रास' हे वाळूतच रमणारे गवत येते, मागोमाग सँडरीड आणि शेवटी ब्लूस्टेम.

या यशाला एक अनपेक्षित बाजूही आहे. 'ब्लोआउट पेन्स्टेमन' ही निळसर-जांभळ्या सुगंधी फुलांची वनस्पती केवळ अशा हलत्या वाळूतच वाढते. खळगे बुजू लागले तशी ती दिसेनाशी झाली. १९४० च्या सुमारास ती नष्ट झाली असे मानले गेले. १९६८ मध्ये ती पुन्हा सापडली आणि १९८७ मध्ये तिचा अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत समावेश झाला. त्यानंतर रोपवाटिकेत वाढवलेली रोपे निवडक खळग्यांत लावून तिला आधार देण्यात आला. जमीन पूर्ण 'दुरुस्त' करणे म्हणजेच तिचे भले करणे नव्हे, हे या फुलाने शास्त्रज्ञांना शिकवले.

सगळे गवत एकदम मेले तर काय होईल? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात पूर्व सँडहिल्समध्ये मोठी वर्तुळाकार क्षेत्रे आखून त्यांतील गवत तणनाशकाने मारले. वाळू लगेच उडाली नाही. मेलेल्या मुळांचे जाळे आणि वाळक्या काड्यांनी तिला काही काळ धरून ठेवले. ज्या क्षेत्रांत गवताला पुन्हा उगवू दिले ती सावरली. जेथे ते सतत दडपले गेले तेथे मुळे कुजत गेली आणि अखेर वाळू हलू लागली. एखाद-दुसरे वाईट वर्ष हा प्रदेश सोसतो, सलग वाईट वर्षे नाही, असा याचा मथितार्थ. २०१२ हे नेब्रास्काच्या नोंदींतील सर्वांत कोरडे वर्ष ठरले. गवताचे उत्पादन कोसळले, अनेकांना जनावरे विकावी लागली. पण टेकड्या जागेवर राहिल्या. जुन्या मुळांनी त्या वर्षी आपले काम केले. जूनच्या मध्यापर्यंत पुरेसा पाऊस झाला नाही तर उन्हाळी गवताची वाढ पुढे भरून निघत नाही. म्हणून तोवर पाऊस मोजून कळप कमी करायचा की नाही हे ठरवून टाकावे, असा सल्ला आता आवर्जून दिला जातो.

झाडांचे आक्रमण

गवताला धोका केवळ दुष्काळाचा आणि अतिचराईचा नाही. झाड नसलेली जमीन अपूर्ण आहे, अशी समजूत एकोणिसाव्या शतकात दृढ होती. वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स बेसी यांनी वाळूखाली ओलावा आहे तर तेथे वनही उभे राहील असे मांडले आणि १९०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सँडहिल्समध्ये राखीव वन जाहीर केले. हॅल्सी गावाजवळ हाताने लावलेले हे विस्तीर्ण जंगल आजही उभे आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या परिसरात लागलेल्या आगीत सुमारे १९ हजार एकर क्षेत्र होरपळले.

खरी चिंता आहे ती 'ईस्टर्न रेडसीडर' या झाडाची. वाऱ्याला आडोसा म्हणून घरांभोवती ते मोठ्या प्रमाणावर लावले गेले. पक्षी त्याची फळे खाऊन बिया टेकड्यांवर टाकतात. पूर्वी वीज पडून लागणारे आणि मूळ रहिवासी लावत असत ते वणवे अशी रोपे जाळून टाकीत. गवत मात्र मुळांपासून पुन्हा फुटे. वणवे विझवले जाऊ लागले आणि झाडांना मोकळे रान मिळाले. रेडसीडरच्या दाट सावलीत गवत तग धरत नाही. चाऱ्याबरोबरच वाळूला बांधणारे मुळांचे जाळेही जाते आणि भूजलाकडे उतरणारे पाणी झाडे वाटेतच पितात. एकेकाळी आगीला शत्रू मानणारे पशुपालक आता काही ठिकाणी शेजाऱ्यांच्या मदतीने ठरवून आग लावतात, त्याचे कारण हे आहे.

पांघरुणाची किंमत

सँडहिल्सचे नाव जगभर पोहोचले ते एका तेलवाहिनीमुळे. कॅनडातून येणाऱ्या 'कीस्टोन एक्सएल' वाहिनीचा मूळ मार्ग या टेकड्यांतून आखला होता. एरवी सरकारी हस्तक्षेपाला नाखूश असणाऱ्या पशुपालकांनीही त्याला विरोध केला. २०११ मध्ये नेब्रास्का विधिमंडळाचे खास अधिवेशन झाले आणि मार्ग सँडहिल्सबाहेर वळवण्याचे ठरले. पुढे २०२१ मध्ये संपूर्ण प्रकल्पच रद्द झाला. त्या वादात भूजलाची चर्चा सर्वाधिक झाली, ते योग्यच होते. परंतु विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा अधिक साधा होता. वाळूत एकदा चर खणला की वरचे गवत पूर्ववत होण्यास किती वर्षे लागतात, हे त्यांनी खळग्यांवरून अनुभवले होते.

२०२२ मध्ये नेब्रास्का विद्यापीठातील संशोधकांनी जगातील अखंड उरलेल्या गवताळ प्रदेशांचा आढावा घेतला, तेव्हा समशीतोष्ण पट्ट्यातील सर्वांत अभंग प्रदेशांत सँडहिल्सची गणना झाली. जगातील बहुतेक सुपीक गवताळ प्रदेश नांगराखाली गेले; हा वाचला तो निकस असल्यामुळे. त्याचा निकसपणा हेच त्याचे कवच ठरले आणि तेथील माणसांनी दोनदा हात पोळल्यावर त्या निकसपणाशी जुळवून घेतले.

हे जुळवून घेणे मात्र कायमचे नाही. वाढते तापमान, लांबणारी अवर्षणे आणि पसरणारी झाडे यांच्यासमोर ते दरवर्षी नव्याने करावे लागणार आहे. सातशे वर्षांपूर्वी वाळू जागी झाली त्यात माणसाचा दोष नव्हता. पाऊसच गेला होता. पाऊस माणसाच्या हाती नाही. पण पुढचे दीर्घ अवर्षण येईल तेव्हा वाळूखालची मुळे दाट असतील की आखडलेली, हे मात्र त्याआधीच्या चांगल्या वर्षांत गायींनी किती गवत खाल्ले आणि किती मागे राहू दिले गेले, यावरच ठरणार आहे.